पार्किंगला शटर बसवायचंय : 80 हजारांत काय काय बसतं?

वाचकाचं पत्र (थोडक्यात) :

आमचं चिपळूणजवळ बैठं घर आहे. घराला लागून स्लॅबखाली गाडी लावायची जागा आहे. तीन बाजूंना भिंत आणि रस्त्याकडची बाजू उघडी. गाळा 11 फूट रुंद, 8 फूट उंच, दोन्हीकडे चिऱ्याचे खांब. माकडं गाडीवर नाचतात, कुत्री आत येऊन बसतात आणि पावसाची झड थेट गाडीवर येते, म्हणून पुढची बाजू बंद करायची आहे. यासाठी 80,000 रुपये बाजूला काढले आहेत.

तीन ठिकाणी चौकशी केली. गावातला फॅब्रिकेटर साधं लोखंडी शटर 250 रुपये फुटाने करून देतो म्हणाला. खेडच्या एका शटरवाल्याने जीआय (जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याचं) शटर, मोटर आणि रिमोट मिळून 68,000 सांगितले, त्यातले मोटरचे 28,000. पुण्याच्या एका कंपनीने छताखाली सरकणाऱ्या पॅनेलच्या दरवाजाचे 1,65,000 सांगितले. मुलाचं म्हणणं, हप्त्यावर पुण्याचाच घेऊ, एकदाच काय ते होऊन जाईल. ह्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं आहे, वाकून शटर उचलणं जमणार नाही. मला खेडचं बरं वाटतंय, 80 मध्ये बसतंय आणि वर 12 हजार उरताहेत. 2021 च्या पुरात अंगणात गुडघाभर पाणी होतं, हेही सांगून ठेवते. काय करावं?

— एक वाचक, चिपळूण

उत्तर :

नमस्कार ताई,

तुम्ही मापं, दर आणि घरातली अडचण सगळं नीट लिहिलंत, त्यामुळे मोघम सल्ला देण्याची वेळ माझ्यावर आली नाही. तुमचा कल खेडच्या शटरकडे आहे आणि तो बरोबर आहे. पण ते 80 मध्ये बसत नाही. उरणारे 12 हजार कागदावरचे आहेत. 68,000 मध्ये जीएसटी धरला आहे का, हे आधी विचारा. धरला नसेल तर 18 टक्क्यांनी ती रक्कम 80,240 होते. म्हणजे भिंतीला एक भोक पाडण्याआधीच पैसे संपले, वर 240 खिशातून गेले.

मुलाचा मुद्दा आधी घेते, कारण तो मनापासून सांगतोय आणि घरात त्यावरून बोलणं होणार. पॅनेलचा दरवाजा चांगलाच असतो, चालतोही आवाज न करता. अमेरिकेत, युरोपात तो बऱ्याच घरांत दिसतो, आणि तिथल्या थंड भागांत बर्फ आणि थंडी बाहेर ठेवायला त्याचा उपयोग होतो. दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेली ती पॅनेलं ऊब धरून ठेवतात. कोकणात गाडीच्या जागेला ऊब धरून करायचं काय? शिवाय हा दरवाजा वर जाऊन छताखाली आडवा पडतो. म्हणजे आत 8 फुटांहून जास्त खोलीपर्यंत रूळ येणार आणि तिथली ट्यूबलाइट, पंखा, बीम सगळं त्याच्या आड येणार. जुलैत एखादी वायर-दोरी किंवा चाक बिघडलं तर माणूस पुण्याहून यायची वाट बघावी लागेल. खेडचा माणूस दुपारपर्यंत येऊ शकतो. रोज वापरायच्या वस्तूची दुरुस्ती जवळ असणं ही मला मोठी गोष्ट वाटते. पॅनेलच्या दरवाजासाठी कर्ज काढू नका, हप्त्यावर तर नकोच.

आता 250 रुपये फुटाचं. फूट नेमका कुठून कुठे मोजणार, हे तुम्ही विचारलेलं दिसत नाही. गाळा 11 बाय 8 म्हणजे 88 चौरस फूट, 250 ने 22,000 होतात. तुमच्या डोक्यात हाच आकडा असेल. पण दोन्ही बाजूंना गाईडसाठी, म्हणजे शटर ज्या उभ्या खाचांतून सरकतं त्यांच्यासाठी, तीन-तीन इंच आणि वर गुंडाळीसाठी दीड फूट जास्तीचं लागतं. बरेच कारागीर ते सगळं धरून माप लावतात. साडेअकरा बाय साडेनऊ म्हणजे 109 चौरस फूट झाले, आणि बिल झालं 27,300 च्या पुढे. पक्कं बिल घेतलंत तर जीएसटीसकट 32,000 च्या वर. यात फसवणूक आहे असं नाही, पत्रा खरोखरच तेवढा लागतो. मात्र केंद्र सरकारच्या बांधकाम खात्याच्या, म्हणजे सीपीडब्ल्यूडीच्या पद्धतीत मोकळ्या गाळ्याचं माप धरतात आणि दर त्या हिशोबाने ठरतो. दोन माणसं दोन पद्धतींनी मोजत असतील तर त्यांचे दर शेजारी ठेवून काहीच कळत नाही. म्हणून प्रत्येकाकडून एकच वाक्य लिहून घ्या : 11 बाय 8 च्या गाळ्याला शटर बसवून, चालवून दाखवून, करासकट एकूण किती.

पत्र्याच्या जाडीवर मात्र घासाघीस करू नका, उलट ती लिहून मागा. शटरसाठी आयएस 6248 हे भारतीय मानक आहे. साडेतीन मीटरपर्यंतच्या रुंदीला पट्टीचा पत्रा किमान 0.90 मिलिमीटर हवा, त्यापुढे आणखी जाड. तुमचे 11 फूट म्हणजे 3.35 मीटर, थोडक्यात आत बसता. 0.90 म्हणजे बाजारातला 20 गेज. स्वस्त दर सांगणारा पुष्कळदा 22 गेज धरतो. तो साधारण 0.7 मिलिमीटरचा असतो आणि 11 फूट रुंदीला वाऱ्यात खडखड वाजतो, माकड लटकलं तर वाकतोही. गाईडचा पत्रा 3.15 मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि तुमच्या रुंदीला गाईडची खोली 65 मिलिमीटर हवी. पट्टी जितकी आत शिरलेली, तितकी ती वाऱ्यात बाहेर निसटायची भीती कमी. माल आला की एका पट्टीला जाडी मोजायचा व्हर्निअर लावून बघा. फॅब्रिकेटरकडे तो असतोच, आणि मागितल्याचा राग कोणी चांगला कारागीर धरत नाही. प्रत्येक पट्टी अखंड हवी, मध्ये वेल्डिंगचा जोड चालणार नाही.

लोखंडी की जीआय, यात मला शंका नाही. चिपळूणच्या पावसात साध्या लोखंडाला रेड ऑक्साइड आणि वर ऑइलपेंट मारला तरी पट्ट्या गुंडाळताना एकमेकींवर घासतात आणि घासल्या जागी रंग निघतो. मग तिथून गंज. दर दोन-तीन वर्षांनी घासून रंगवायचं म्हणजे मजुरी आणि रंग मिळून सुरुवातीला वाचवलेले पैसे परत जाणार. जीआय घेताना आणखी एक बघा. पट्ट्या जीआयच्या आणि गाईड साध्या लोखंडाचे, असं सर्रास करतात. गाईडचा खालचा फूटभर भाग पाण्यात आणि चिखलात उभा असतो, सगळ्यात आधी तोच सडतो. गाईडही जीआयचेच हवेत असं सांगा, आणि जिथे वेल्डिंग होईल तिथे जस्ताचा थर जळून जातो म्हणून त्या जागी झिंकचा प्राइमर मारून घ्या.

यानंतरची गोष्ट तिन्ही माणसांपैकी एकानेही तुम्हाला सांगितलेली दिसत नाही, आणि तुमच्या घराच्या बाबतीत तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. शटर कशाला टांगायचं? 20 गेजच्या 109 चौरस फुटांचं वजन साधारण 90 किलोच्या पुढे जातं. त्यात शाफ्ट (ज्यावर शटर गुंडाळतं तो दांडा), स्प्रिंगा, खालची जाड पट्टी आणि उद्या मोटर. सव्वाशे ते दीडशे किलो दोन ब्रॅकेटांवर येणार, तेही रोज हलणारं वजन. तुमचे खांब जांभ्याच्या चिऱ्याचे आहेत. चिरा वजन डोक्यावर घ्यायला उत्तम, पण तो सच्छिद्र आणि ठिसूळ असल्यामुळे फासनर ठोकून त्याला ओढ दिली की भोकाभोवतीचा दगड भुगा होऊन सुटतो. शटर बसवायला आलेली माणसं अर्ध्या दिवसात काम उरकून जातात. खांब काय दगडाचा आहे हे बघायला ती थांबत नाहीत. त्यामुळे आधी गवंड्याला बोलावून खांबाचं बघून घ्या. सगळ्यात भक्कम उपाय म्हणजे खांबाला लागून लोखंडी चौकट उभी करायची, तिचे पाय जमिनीत काँक्रीटमध्ये, वरचं टोक स्लॅबच्या बीमला, आणि शटरचं सगळं वजन त्या चौकटीवर. दुसरा उपाय, खांबाच्या आरपार बोल्ट घालून दोन्हीकडून प्लेट आवळायच्या. याला 8,000 रुपये धरून ठेवा. हे माझ्या अंदाजाने, तुमच्याकडचा गवंडी आणि फॅब्रिकेटर मिळून थोडं कमी-जास्त सांगतील.

चौकट बसवायच्या वेळी गुंडाळी कुठे राहणार तेही ठरवा. 8 फूट उंचीच्या शटरची गुंडाळी कव्हरसकट सव्वा फुटाच्या आसपास होते. गाळ्याच्या वर आतल्या बाजूला स्लॅबपर्यंत तेवढी जागा असेल तर प्रश्न नाही. नसेल तर ती गाळ्यातच लोंबणार आणि 8 फुटांचे पावणेसात राहतील. तुमच्या गाडीला तेवढी उंची पुरेल, पण पुढेमागे वर कॅरिअर लावणार असाल तर आधी मोजून घ्या.

तुमच्या यजमानांच्या पाठीसाठी मोटर ही चैन नाही, गरज आहे. हे मी आधीच मान्य करते, म्हणजे मोटर पुढे ढकला असं मी का म्हणते ते नीट पोहोचेल. मोटर आत्ता बसवली तर चौकट, पाण्याची चारी, वायरिंग यांतलं काहीतरी राहून जाणार, आणि यातलं काहीही मागाहून करायचं तर शटर उतरवावं लागतं किंवा नवी फरशी फोडावी लागते. मोटरचं तसं नाही. पुढच्या वर्षी ती दोन तासांत चढते. फक्त ऑर्डर देतानाच शाफ्ट आणि ब्रॅकेट मोटर लागेल असेच घ्या, आणि कोणत्या प्रकारची मोटर लागेल ते कोटेशनमध्ये लिहून घ्या. स्प्रिंगांच्या शटरला शाफ्टच्या मध्यावर बसणारी मोटर असते. बाजूला बसणाऱ्या मोटरचं शटर बहुधा बिनस्प्रिंगचं करतात. ही निवड मागाहून बदलता येत नाही.

मधल्या वर्षात पाठीचं काय? सीपीडब्ल्यूडीच्या दरसूचीत साखळी-गिअरचा जादा दर 10 चौरस मीटरच्या वरच्या शटरांना आहे. तुमचा गाळा सव्वाआठ चौरस मीटरचा, म्हणजे हाताने उचलायचं साधं शटर नियमाने चालतं. पण नियमाला तुमच्या घरातली पाठ माहीत नाही. बॉल बेअरिंग घाला आणि शिवाय साखळीचा गिअर लावून घ्या. उभ्याने साखळी ओढायची, वाकायचं नाही. याचे 5,000 धरले आहेत. मोटर आली की हा गिअर निघेल आणि ते पैसे वाया गेले असं वाटेल. मला तरी एका वर्षाच्या निर्धास्तपणाला ते जास्त वाटत नाहीत.

मग हिशोब असा होतो. मोटर वगळून शटर 40,000, जीएसटीसकट 47,200. चौकट आणि गवंडीकाम 8,000. साखळी-गिअर 5,000. गाळ्यासमोर आडवी चारी आणि त्यावर लोखंडी जाळी, 7,000. मोटरसाठी पाइप, वायर आणि वर उंचावर बोर्ड काढून ठेवायचे 4,000. एकूण 71,200. उरले 8,800, आणि ते तसेच राहू द्या. जुन्या घरात काम काढलं की भिंतीतून काहीतरी निघतंच. पुढच्या वर्षी मोटरचे जीएसटीसकट 33,040 आणि सेन्सरचे 4,000 लागतील. आत्तापासून महिन्याला तीन-सव्वातीन हजार बाजूला टाकलेत तर वर्षभरात ते जमतात, हप्त्याचं व्याज न भरता.

तुम्हाला थांबायची तयारी असेल आणि दिवाळीपर्यंत हातात 1,15,000 येणार असतील, तर सगळं एकदम करा. गिअरचे 5,000 वाचतील. गाडी स्लॅबखाली आहेच, एक पावसाळा आणखी झड खाईल एवढंच.

सेन्सरचं मी सहज लिहून गेले, पण त्यावर अडून बसा. मोटरचं शटर खाली येताना मध्ये काय आहे ते त्याला दिसत नाही. अमेरिकेत मुलं दाराखाली सापडून दगावल्यावर 1 जानेवारी 1993 पासून घरगुती गॅरेजच्या ऑटोमॅटिक ओपनरला अडथळा आला की दार उलटं फिरवणारी सोय सक्तीची झाली. आपल्याकडे कोटेशनमध्ये ती तुम्ही मागितलीत तर येते. जमिनीपासून वीतभर उंचीवर दोन्ही बाजूंना डोळे बसवतात, मध्ये मूल किंवा कुत्रं आलं की शटर थांबतं. त्याबरोबर शटर एकदम कोसळू नये म्हणून सेफ्टी ब्रेकही मागा. नातवंडं सुट्टीत येत असतील तर या दोन वस्तूंशिवाय मोटर बसवूच नका.

आणि वीज. पावसाळ्यात तुमच्याकडे ती तासन्‌तास जाते. वीज नसताना मोटर सोडवून शटर हाताने चालवायला दोरी किंवा साखळी असते, पण ती आतल्या बाजूला. तुम्ही बाहेर आणि शटर बंद, तर काय कराल? घरातून पार्किंगमध्ये उतरायला दार असेल तर चिंता नाही. नसेल तर बाहेरून किल्लीने मोटर सोडवता येईल अशी सोय आत्ताच लिहून घ्या, किंवा घरच्या इन्व्हर्टरवरून त्या बोर्डाला लाइन काढा. इन्व्हर्टर मोटरचा भार घेईल का, ते इलेक्ट्रिशियनला विचारून. अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी हे दोन्ही हवेतच, ओल्या जागेतलं लोखंडी दार आहे ते.

पुराचं तुम्ही शेवटी लिहिलंत, पण माझ्या डोक्यात ते पहिल्यापासून आहे. 22 जुलै 2021 ला तुमच्या अंगणात गुडघाभर पाणी होतं. शटर पाणी अडवेल अशी आशा ठेवू नका. अर्धा मीटर पाणी एका बाजूने टेकलं तर तुमच्या रुंदीच्या शटरवर 400 किलोच्या आसपास जोर येतो, आणि पाणी दुप्पट चढलं की जोर चौपट होतो. पट्ट्या गाईडमधून सुटतात, मग सगळं शटरच बदलावं लागतं. इशारा आला की गाडी उंचावर न्या आणि शटर वर करून ठेवा, पाणी आत-बाहेर सारखं राहील. शटरची मोटर वर शाफ्टपाशी असते, हा तुमच्यासाठी मोठा फायदा आहे. कोणी सरकत्या गेटची मोटर सुचवली तर नको म्हणा, ती जमिनीलगत बसते. कंट्रोल बॉक्स आणि प्लग 2021 च्या पाण्याच्या खुणेच्या हातभर वर. सेन्सर खालीच राहणार, तो पाण्यात गेला तर बदलायचा. पूर ओसरल्यावर गाईडमधला गाळ धुऊन काढल्याशिवाय शटर खाली ओढायचं नाही. जागा निळ्या पूररेषेत येते का तेही बघून ठेवा, 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती रेषा. नगरपरिषदेत नाहीतर ग्रामपंचायतीत तुम्हाला जावं लागणारच आहे, कारण पार्किंग म्हणून मंजूर असलेली जागा चारी बाजूंनी बंद करण्याआधी विचारलेलं बरं. घराचा नकाशा ज्यांनी काढला त्यांना एक फोन केलात तरी कळेल.

वरचे दोन फूट भरीव पट्टीऐवजी सळ्यांच्या जाळीचे घ्या. माकड त्यातून येत नाही आणि वारा येतो. पूर्ण बंद जागेत पावसाळ्यात गाडीच्या सीटवर बुरशी धरते. जाळी असली तरी शटर खाली असताना गाडीचं इंजिन मिनिटभरही चालू ठेवू नका, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणसाला बेशुद्ध करतो.

पैसे देताना ऑर्डरबरोबर 40 टक्के, माल दारात आल्यावर, पट्टीची जाडी बघून, 50 टक्के, आणि शेवटचे 10 टक्के महिनाभर चालवून बघितल्यावर. स्प्रिंग आणि पुढे मोटर यांची वॉरंटी बिलावर लिहून घ्या. स्प्रिंग सैल झाली की ती ताणायला शटरवाल्यालाच बोलवा. घरातल्या कोणी पाना लावून खोलायची नाही, ताणलेली स्प्रिंग सुटली तर हाताची बोटं जातात. मे महिन्यात सगळ्या कोकणाला पत्रे आणि शटरं एकदम हवी असतात, कारागीर मिळत नाहीत आणि घाई करतात. फेब्रुवारीपर्यंत ऑर्डर गेली तर चौकटीचं काँक्रीट सावकाश भिजवता येईल.

खेडच्या माणसाला आगाऊ रक्कम देण्याआधी दोन्ही खांबांचे आणि त्यांच्या वरच्या बीमचे फोटो, सोबत स्लॅबपर्यंतची उंची, एवढं मला पाठवा. चौकट कशी घ्यायची ते मी पुढच्या अंकाची वाट न बघता कळवते.